महिला कारागृहातली ओपीडी: डॉक्टरांना तीन दिवसांत काय शिकवायचं?

युनिट_दोन

नमस्कार मंडळी. स्त्रीरोग विभागातर्फे एक छोटा प्रशिक्षणक्रम बसवतोय, जाणकारांची मदत हवी. प्रशिक्षणार्थी साधारण १८. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे निवासी डॉक्टर आणि कारागृहांच्या दवाखान्यांत नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी. यातले बरेच नुसते एमबीबीएस. हातात तीन दिवस. पुढे दोघादोघांच्या जोड्या करून मुंबईतल्या महिला कारागृहात आठवड्याला एक ओपीडी चालवायची आहे.

पहिला मसुदा तयार आहे, पण तो कुठल्याही तालुक्याच्या रुग्णालयात खपून जाईल असा झालाय. पीसीओएस, पीपीएच (प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव) ड्रिल, पार्टोग्राफ (प्रसूतीची प्रगती नोंदवायचा तक्ता). कारागृह हा शब्द फक्त शीर्षकात. तर विचारायचं हे:

प्रवेश तपासणीत काय सुटता कामा नये? महिला शिपाई खोलीतून हलत नसेल तर तपासायचं कसं? आत कोणतं सामान नेता येतं? आणि गर्भवतींसाठी अख्खा दिवस ठेवावा की बाकी विषयांत मिसळावं?

व्यवहारातलं सांगा. 'संवेदनशीलता हवी' ही स्लाइड आधीच झाली आहे.

---

आतला_दवाखाना

स्त्रीरोगशास्त्र त्यांना येतं, ते पुन्हा शिकवू नका. शिकवायचं ते एवढंच: रुग्ण स्वतःच्या पायाने रुग्णालयात जाऊ शकत नाही, तेव्हा तुमचा कोणता निर्णय बदलतो? सगळे तीन दिवस या एका प्रश्नाभोवती बांधा.

सुरुवात दिनक्रमाने करा. बराकी सकाळी उघडतात, दुपारी काही काळ बंद, संध्याकाळी सहाच्या आसपास पुन्हा बंद. रात्रीचं जेवण त्याआधीच वाटून झालेलं असतं. म्हणजे तुम्ही 'जेवणानंतर रात्री दहाला' असं लिहिलंत, तर ती गोळी कोण देणार? एकतर बाईजवळ साठत जाते, नाहीतर सहालाच घेतली जाते. प्रत्येक केसपेपरवर औषधाच्या वेळा कारागृहाच्या घड्याळाने लिहायची सवय लावा. लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर वाटली तर निम्मी वाया, चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. दुपारी सिस्टरच्या हातून, समोर गिळून. कॅल्शियम तिच्यापासून किमान दोन तास लांब.

दुसरी गोष्ट फेऱ्या. भायखळ्याच्या महिला कारागृहाहून जे.जे. रुग्णालय गाडीने काही मिनिटांचं. वेळ जातो तो गाडी सुटण्याआधी. बाहेर नेण्यासाठी पोलीस पार्टी लागते, तीत महिला पोलीस हवी, आणि त्याच दिवशी कोर्टाच्या तारखा असतील तर मनुष्यबळ आधी तिकडे जातं. ओपीडीची तारीख हुकते ती अशी. कागदावर मात्र 'रुग्ण गैरहजर' अशी नोंद पडते आणि पुढच्या डॉक्टरला वाटतं बाईच बेफिकीर आहे. म्हणून प्रशिक्षणार्थींना प्रत्येक योजना फेऱ्यांमध्ये मोजायला लावा. हे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्या:

गर्भवती, २४ आठवडे, वजन ५० किलो, हिमोग्लोबिन ७, गोळ्या पचत नाहीत. लक्ष्य ११. लागणारं लोह = ५० × (११ − ७) × २.४ = ४८०, त्यात साठ्यासाठी ५००, एकूण ९८० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिलिग्रॅम धरलं तर पाच फेऱ्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज गरोदरपणात किलोला १५ मिलिग्रॅमच्या मर्यादेत, म्हणजे पहिल्या वेळी ७५० आणि आठवड्याने उरलेलं. दोन फेऱ्या. बाहेरच्या रुग्णाला सुक्रोज दिलं तर काही बिघडत नाही. इथे पाचांतल्या दोन फेऱ्या हमखास हुकतात आणि बाई प्रसूतीला आठ हिमोग्लोबिनवर पोचते. (दोन्ही औषधं पहिल्या तिमाहीत नाहीत, हे पुन्हा सांगाच.)

याच हिशोबाने 'सोनोग्राफी करून या, मग बघू' हे वाक्य बंद. रेफर चिठ्ठीवर सगळं एकत्र लिहा: सोनोग्राफी, रक्त, स्त्रीरोग मत, एकाच दिवशी, आणि त्या विभागाला आदल्या दिवशी फोन. तातडीचं असेल तर 'लवकर पाठवावे' असं मोघम लिहू नये. 'चार तासांच्या आत', 'आजच', '७२ तासांत' असं लिहावं, सही, वेळ आणि कारणासह. कारागृह प्रशासन आकड्यावर हलतं. 'लवकर' या शब्दावर कोणी रजिस्टरमध्ये काही लिहू शकत नाही.

प्रवेश तपासणीवर स्वतंत्र सत्र ठेवा. ते घाईत होतं, पहिल्याच दिवशी, बाई कोर्ट-पोलीस ठाणं करून थकलेली असताना. तेव्हा चुकलेलं पुढे महिनोन्‌महिने चुकलेलंच राहतं. शेवटच्या पाळीची तारीख, गर्भनिरोधक कोणतं आणि पुढचा डोस कधी, स्तनपान चालू आहे का आणि बाळ कुठे आहे, चालू औषधं (फिट, थायरॉइड, क्षयरोग, एचआयव्हीसाठीची एआरटी, मानसिक आजार), दारू किंवा नशा शेवटची कधी, अंगावरच्या जखमा. जखमा सेंटिमीटरमध्ये, रंग आणि जागेसह. 'किरकोळ खरचटणे' असं लिहून मोकळं व्हायचं नाही.

दोन गोष्टी हमखास राहतात. एक, गेल्या तीन दिवसांत असुरक्षित संबंध असतील तर लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची गोळी त्याच दिवशी देता येते. आत आली म्हणजे गर्भनिरोधकाचा प्रश्न संपला, असं सगळे धरून चालतात. दुसरी, 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शनवर असलेली बाई: तीन महिन्यांचा डोस आत असताना येतो, पुढे रक्तस्राव अनियमित झाला की नव्याने तपासण्यांची रांग लागते. आधी विचारलं असतं तर कारण तिथेच कळलं असतं.

आणि हो, गुन्हा कोणता हे विचारायचं नाही. उपचाराला त्याचा उपयोग नाही.

---

सिस्टर_परळ

वरच्या प्रतिसादाशी सहमत. सामान आणि खोलीबद्दल मी लिहिते, कारण डॉक्टर मंडळी तिथेच अडकतात.

मोबाइल गेटवर जमा होतो. म्हणजे डोसचं अ‍ॅप, गर्भकाल मोजायचं अ‍ॅप, भाषांतराचं अ‍ॅप, सगळं बाहेर. डोसचे तक्ते छापून लॅमिनेट करा आणि गर्भकालाची पुठ्ठ्याची चकती न्या. शिकाऊ डॉक्टरांना ती वापरताच येत नाही, पहिल्या दिवशी दहा मिनिटं त्यावर द्या.

धारदार आणि काचेचं सामान मोजून आत, मोजून बाहेर: ब्लेड, कात्री, सुया, काचेच्या स्लाइड. दोन प्रतींत यादी, एक गेटवर. एक सुई कमी भरली तर अख्ख्या बराकीची झडती होते आणि पुढच्या आठवड्यात ओपीडीला कोणी येत नाही. सुई तुटली तर तुटलेले दोन्ही तुकडे डब्यात दाखवायचे.

व्हीआयएसाठी (आम्ल लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी तपासणं) अ‍ॅसिटिक आम्ल ५ टक्के: ग्लेशियल (पाणी न घातलेलं आम्ल) ५ मिली, डिस्टिल्ड वॉटर ९५ मिली. हे रुग्णालयातच तयार करून, तारीख लिहून न्या. ग्लेशियलची बाटली आत न्यायची नाही. गेटवर अडवतील हा एक भाग, पण घाईत कोणी न मिसळता लावलं तर गर्भाशयमुख भाजतं. त्या दिवशी उरलेलं फेकून द्या. लावल्यावर पूर्ण एक मिनिट थांबायचं, घड्याळ लावून. वीस सेकंदांत बघून 'निगेटिव्ह' लिहिलेले कागद खूप असतात. ही तपासणी मुंबईतल्याच वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून आरोग्यसेविकांकडून करून घेतली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्यामुळे 'हे डॉक्टरांचंच काम' असा आग्रह नको. प्रशिक्षित सिस्टर करू शकते. वय ३० ते ६५, सगळ्यांची.

एंडोमेट्रियल बायोप्सी घेतलीत तर नमुना दोन भागांत. अर्धा फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला, अर्धा सलाइनमध्ये सीबीनॅट (क्षयरोगाची यंत्रावरची जलद चाचणी) आणि कल्चरला. गर्दीच्या बराकीत राहणाऱ्या, वजन उतरलेल्या, पाळी कमी झालेल्या बाईत जननमार्गाचा क्षयरोग मनात हवाच. सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये बुडवला की जंतू मरतात, कल्चर संपलं, आणि दुसरी फेरी कधी मिळेल सांगता येत नाही. डबीवर लेबल आधीच चिकटवून न्या. क्षयरोगाचं औषध सुरू झालं की लक्षात ठेवा, रिफॅम्पिसिन गर्भनिरोधक गोळ्यांचा असर घालवतं. जामिनावर बाहेर जाणाऱ्या बाईला हे कोणीच सांगत नाही.

सोनोग्राफीचं पोर्टेबल मशीन उचलून आत नेऊ, असं कोणाच्या डोक्यात असेल तर थांबा. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी जागेची असते आणि पोर्टेबल मशीनवर तर नियम जास्तच कडक आहेत. नोंदणी नसलेल्या जागी गर्भवतीची सोनोग्राफी म्हणजे सरळ गुन्हा.

खोली: पडदा दोन बाजूंनी लागतो, दारातून आणि खिडकीतून. टेबलाचं पायांकडचं टोक दाराकडे नसावं. हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण सांगावं लागतं. स्टिरप (पाय अडकवायचे आधार) लागत नाहीत, पाय टेबलावर टेकवून गुडघे वाकवून तपासणी होते. लहान कस्को स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून बघायचं साधन) कोमट पाण्यातून काढलेला. बाईला विचारा, स्वतः घालून घेणार का. कित्येक जणी हो म्हणतात आणि तपासणी निम्म्या वेळात होते. 'थांबा' म्हणाली की थांबायचं, मग ती तपासणी पुन्हा झाली नाही तरी चालेल.

पॅड. ठरावीक संख्येचं पाकीट वाटून मोकळं होणं चूक आहे, गरजेप्रमाणे मिळायला हवेत. डॉक्टरांनी मात्र त्या संख्येचा उपयोग करून घ्यावा: दिवसाला किती पॅड, रात्री उठून बदलावं लागतं का, गाठी किती मोठ्या. अतिस्राव असेल तर आधी गर्भचाचणी, मग ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त पाच दिवस. आणि 'या बाईला रोज इतके पॅड द्यावेत' हे औषधासारखं केसपेपरवर लिहा. लिहिलेलं मिळतं.

---

बाह्यरुग्ण_१९

सिस्टर, एक दुरुस्ती. सामानाचं सगळं पटलं, पण व्हीआयए सरसकट ६५ पर्यंत नको. पाळी गेल्यावर गर्भाशयमुखाची पेशी बदलणारी रेषा आत सरकते, बाहेरून दिसत नाही, आणि न दिसलेल्या जागेचा निगेटिव्ह निकाल फसवा. पन्नाशीपुढे एचपीव्ही (या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची) चाचणी किंवा पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी). एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतः घेता येतो, इथे तर ते फारच सोयीचं. आणि एचआयव्ही असलेल्या बायकांची तपासणी पंचविशीपासून, जास्त वेळा.

अंगावरून पांढरं जाण्याबद्दल थोडं. या ओपीडीत ही तक्रार सगळ्यात जास्त येणार. निवासी डॉक्टर हिरवं किट (सेक्निडाझोल २ ग्रॅम, फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम) हातात देतो आणि पुढची बोलावतो. स्पेक्युलम लावून बघितलं तर निम्म्यांत स्राव नॉर्मल असतो. 'अंगावरून जातं, कंबर दुखते, अशक्तपणा आहे' असं एका दमात आलं की ते झोप न लागणं, बाहेर राहिलेलं मूल, लांबलेली तारीख यांचंही असू शकतं. त्यासाठी 'रात्री किती वेळ झोप लागते?' एवढा एक प्रश्न पुरतो, त्यापुढे ती स्वतःच बोलते. ओटीपोटात दुखणं आणि गर्भाशय हलवल्यावर कळ असेल तर मात्र पिवळं किट (ओटीपोटातल्या संसर्गावरच्या गोळ्या), पूर्ण १४ दिवस, आणि गोळ्या समोर.

पाळी बंद झाली म्हणून येणाऱ्याही पुष्कळ. ताण आणि वजन उतरणं ही कारणं खरी, पण ती सगळ्यात शेवटी लिहायची. आधी गर्भचाचणी, मग औषधांची यादी वाचा. रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी प्रोलॅक्टिन वाढतं आणि पाळी थांबते. मानसोपचाराचा कागद वेगळ्या फायलीत असतो, म्हणून स्त्रीरोगवाल्याला तो दिसतच नाही.

---

कलम_आणि_कागद

कायद्याचा भाग दोन तासांत बसतो, पण प्रसंगांतून शिकवा. कलमांची स्लाइड लावलीत की वर्ग झोपतो.

पहिला प्रसंग: शिपाई खोलीतून जात नाही. बँकॉक नियम (महिला कैद्यांसाठीचे, संयुक्त राष्ट्रं, २०१०) यांतला ११ वा सांगतो की तपासणीच्या वेळी फक्त वैद्यकीय कर्मचारी असावेत. अपवादाने कोणी थांबवायचंच असेल तर ती महिला असावी आणि खासगीपणा राखला जावा. पण शिपायाला नियम वाचून दाखवून काही होत नाही. तिची भीती बंदी (कैदी) पळेल ही असते, म्हणून त्या भीतीचं उत्तर द्यायचं. वर्गात हे वाक्य मोठ्याने म्हणून घ्या: 'ताई, खोलीला हे एकच दार आहे. तुम्ही दाराबाहेर खुर्ची टाकून बसा, मी दार आतून कडी न लावता लोटते. पाच मिनिटांत हाक मारते.' नव्वद टक्के वेळा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर अंतर्गत तपासणी करू नका, केसपेपरवर 'खासगीपणा उपलब्ध नसल्याने तपासणी केली नाही' असं लिहा आणि अधीक्षकांना कळवा. तातडीचं असेल तर बाईला विचारा, तिची तयारी असेल तर पडद्याआड करा.

पुरुष डॉक्टर असतील तर? अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३ आहे, स्त्रीची तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली. कारागृहातल्या नेहमीच्या उपचाराला बाईची संमती असेल तर पुरुष डॉक्टर चालतो, सोबत सिस्टर हवी. तिने महिला डॉक्टर मागितली तर शक्यतो द्यायची. जोड्या करताना एक तरी महिला ठेवा, वाद मिटला.

दुसरा प्रसंग: गर्भपात. इथे डॉक्टर सगळ्यात जास्त घाबरतात आणि कोर्टाचा आदेश मागत बसतात. १८ वर्षांवरच्या स्त्रीची संमती फक्त तिची, नवऱ्याची नाही, अधीक्षकांचीही नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भायखळ्याच्या एका बंदीच्या प्रकरणात स्वतःहून दखल घेऊन हेच स्पष्ट केलं की हा निर्णय त्या स्त्रीचा आहे आणि बंदी असल्याने तो जात नाही. वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ ला दोघांचं, आणि तेही नियमांत दिलेल्या गटांसाठी. तुरुंगात असणं हा त्या यादीतला वेगळा गट नाही. म्हणून उशिरा केलेली गर्भचाचणी म्हणजे गेलेला हक्क, हे ठासून सांगा.

तिसरा: 'डॉक्टर, हिने काहीतरी लपवलंय, बघून द्या.' शरीराच्या आत झडती घेणं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरचं काम नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेचं १९९३ चं निवेदन हेच म्हणतं. आज झडती घेणाऱ्या हाताकडून उद्या ती तपासून घेणार नाही. जिवाला धोका असेल (पुडी फुटणं वगैरे) तर तो वैद्यकीय प्रश्न, तेव्हा संमतीने आणि रुग्णालयात.

चौथा: मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सांगितला. उपचार आधी, पोलीस कागदाची वाट बघायची नाही. आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि त्यातला फॉर्म वापरा. दोन बोटांची चाचणी कोणत्याही कारणाने नाही. हे मुंबईत शिकवायला सेहतसारखी संस्था आहे, त्यांना बोलवा.

आणखी दोन कागद. एचआयव्ही चाचणीला माहितीपूर्ण संमती हवी, २०१७ चा कायदा कारागृहालाही लागू आहे. 'सगळ्यांची करून टाका' असा तोंडी आदेश चालत नाही. आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १०३: कारागृहात मानसिक आजारी बंदी नाहीत, असं प्रमाणपत्र वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यायचं असतं. हे माहीत नसलेला माणूस आधीच्याने लिहिलेलंच पुन्हा सही करून पाठवतो.

दुभाष्याचंही बघा. भायखळ्यात मराठी-हिंदीपलीकडच्या बायका असतात. शेजारच्या बंदीला दुभाषी केलंत तर संध्याकाळपर्यंत बराकीला सगळं कळतं. फोनवरचा दुभाषी कारागृहाच्या अधिकृत लाइनवरून मिळतो का ते आधी विचारून ठेवा.

---

युनिट_दोन

खूप उपयोगी, आभार. मसुदा जवळजवळ फाडून नवा करतोय. गर्भवतींचं मात्र अजून सुटलं नाही. वेगळा दिवस द्यावा का? आणि रात्री कळा सुरू झाल्या तर आतल्या एमबीबीएस अधिकाऱ्याकडून नेमकं काय अपेक्षित धरायचं?

---

लेबर_रूम_कामगार

वेगळा दिवस द्या. ओपीडीत गर्भवती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील, पण चुकीची किंमत त्यांच्याच बाबतीत सगळ्यात मोठी.

गर्भचाचणी. प्रवेशाला निगेटिव्ह आली म्हणून फाइल बंद करू नका. शेवटच्या संबंधानंतर २१ दिवसांनी पुन्हा, नाहीतर दोन आठवड्यांचा गर्भ निसटतो. बाटल्यांवर नाव नको, नंबर टाका, आणि निकाल बराकीत ओरडून सांगायचा नाही. पॉझिटिव्ह आली की बाईला एकटीला सांगा, आणि त्याच बैठकीत विचारा की ठेवायचा आहे का. नको असेल तर ९ आठवड्यांपर्यंत गोळ्या कायद्याने चालतात, पण इथे मला एमव्हीए (हातपंपाने गर्भाशय रिकामं करणं) बरं वाटतं. गोळ्यांचा रक्तस्राव बराक बंद झाल्यावर सुरू होतो, पोटात कळा, एक सामाईक संडास, आणि कुलूप उघडायला कोणीतरी यावं लागतं. एमव्हीए एका फेरीत होतं. गोळ्याच हव्या असतील तर दाखल करून द्या. आणि दोन्ही रुग्णालयातच, आतल्या दवाखान्यात नाही.

ठेवायचा असेल तर पहिल्याच फेरीत सगळं: हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी, लघवी, टीडीचा (धनुर्वात-घटसर्प लसीचा) डोस, ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर (१४० किंवा वर म्हणजे मधुमेह, उपाशी असण्याची गरज नाही), सोनोग्राफी. साखरेच्या दोन तासांत बाकीचं उरकतं, पण पार्टीला आधी सांगा की दोन तास थांबायचंय. नाहीतर तासाभरात परत नेतात आणि नमुना राहतो. माता व बाल संरक्षण कार्ड तिथेच करून घ्या आणि त्याची एक प्रत बाईकडे. बाहेर गेली तर तेच तिचं पुस्तक.

नशेवर असलेली गर्भवती: ब्राउन शुगर एकदम तोडायचं नाही, गर्भाला धोका होतो. ब्युप्रेनॉर्फिनवर आणायचं, मानसोपचाराबरोबर, पहिल्याच दिवशी. हे कोणालाच शिकवलेलं नसतं.

आता रात्र. आतल्या अधिकाऱ्याकडून प्रसूती करण्याची अपेक्षा नाही. अपेक्षा आहे ती ओळखण्याची, पहिला डोस देण्याची आणि पाठवण्याची. बराकीतल्या बायकांना आणि रात्रीच्या शिपायांना धोक्याची लक्षणं छापील नाही, तोंडी सांगा: डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, फिट, रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी. यातलं एकही दिसलं तर कोणी कोणाला हाक मारायची, किल्ली कोणाकडे, १०८ ला फोन कोण करणार, पार्टी येईपर्यंत गाडी थांबणार की महिला शिपाई सोबत घेऊन निघणार. हे अधीक्षकांच्या सहीने एका पानावर हवं. प्रशिक्षणात याचा घड्याळ लावून सराव घ्या: हाक मारल्यापासून गेटबाहेर पडेपर्यंत किती मिनिटं. जिथे वेळ जातो ती जागा पहिल्याच सरावात दिसते, बहुतेक वेळा किल्ली किंवा सही.

झटका आला किंवा दाब फार वाढला तर मॅग्नेशियम सल्फेट १० ग्रॅम स्नायूत: ५० टक्क्यांच्या २ मिली अ‍ॅम्प्यूलमध्ये १ ग्रॅम, म्हणजे दहा अ‍ॅम्प्यूल, प्रत्येक कुल्ल्यात पाच, खोलवर, लिग्नोकेन मिसळून. दहा अ‍ॅम्प्यूल फोडायला लागणारा वेळ प्रत्येकाला एकदा अनुभवू द्या, पाण्याच्या चालतील. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंश. वाटेत बाळ झालं तर १० युनिट स्नायूत. फ्रिज बंद पडला असेल तर मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम तोंडाने.

बेड्या. कळा, प्रसूती आणि लगेचचा काळ, या तिन्हींत कोणतंही बंधन नाही (बँकॉक नियम २४, संयुक्त राष्ट्रांचेच सगळ्या कैद्यांसाठीचे मंडेला नियम ४८). पार्टी हातकडी घालून आणते आणि खाटेला अडकवते, तेव्हा वाद घालू नका, लिहा: 'वैद्यकीय कारणास्तव हातकडी काढणे आवश्यक', तारीख, वेळ, सही. आकस्मिक सिझेरियनला उठवायचं असेल किंवा फिट आली तर अडकलेला हात म्हणजे मोडलेला हात.

@कलम_आणि_कागद यांनी वर लिहिलं नाही म्हणून: सर्वोच्च न्यायालयाचा आर. डी. उपाध्याय निकाल, एप्रिल २००६. प्रसूती शक्यतो कारागृहाबाहेर, जन्मदाखल्यावर कारागृह हे जन्मठिकाण नाही, मूल सहा वर्षांपर्यंत आईजवळ. तात्पुरत्या जामिनासाठी तुमचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, तेव्हा '३२ आठवडे, हिमोग्लोबिन ८.२, दाब १५०/९६, अपेक्षित तारीख अमुक' असं लिहा. 'गर्भवती आहे' एवढ्यावर कोर्टाला काही ठरवता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये एका गर्भवतीला सहा महिन्यांचा जामीन प्रसूतीसाठीच दिला आहे.

प्रसूतीनंतर परत येते तेव्हा सहा आठवड्यांची तपासणी सगळे विसरतात. बाळ बाहेर ठेवावं लागलं असेल तर दूध दाटतं, ताप येतो, आणि ओपीडीत फक्त पॅरासिटामॉल मिळतं. दूध पिळून काढायला शिकवायला सिस्टर पाठवा, आणि मनःस्थिती विचारा.

---

सिस्टर_परळ

@बाह्यरुग्ण_१९ दुरुस्ती मान्य, पन्नाशीपर्यंत असंच लिहायला हवं होतं.

@युनिट_दोन सुटकेचं राहिलं. जामिनाचा आदेश संध्याकाळी येतो आणि बाई तासाभरात बाहेर, बायोप्सीचा रिपोर्ट आठवड्याने. म्हणून नमुना घेतानाच विचारा की बाहेर निकाल कसा कळवू, आणि फोन नंबर सीलबंद रजिस्टरमध्ये. आत काम करणारे प्रयास या संस्थेचे समाजकार्यकर्ते यात मदत करतात, पण बाईची हरकत नसेल तरच नाव द्यायचं.

---

आतला_दवाखाना

कारागृहाची भेट शेवटच्या दिवशी ठेवू नका. पहिल्या सकाळी ठेवा, म्हणजे पुढचे प्रश्न मुलंच विचारतील. परवानगीचा अर्ज किमान महिनाभर आधी टाका, प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत जोडून, नावं बदलायची नाहीत. सामानाची यादीही त्याच अर्जाला जोडायची. सिस्टरनी सांगितलेली ती पुठ्ठ्याची चकती आणि कस्को स्पेक्युलमची संख्या यादीत लिहा, यादीत नसलेली वस्तू गेटवरच राहते.